तिसऱ्यांदा विचारायचं असतं

अण्णा, मला तुमचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की लेकीला म्हातारपणी बापाची आठवण आली आणि ती डोळे पुसत लिहायला बसली. तसं काही नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी आता पासष्टची आहे, आणि बडोद्यात, गोत्रीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आहे. खाली सोसायटीतल्या बायका भाजीवाल्याशी हुज्जत घालताहेत. हॉलंडहून परत येऊन मला अकरा दिवस झाले, बॅग अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. दोन वर्षांपूर्वी इथिओपियात तीन महिने राहून आले. ज्या मुलीचं परदेशी जाणं तुम्ही एका शब्दानं घालवलंत, ती साठीनंतर दोनदा जाऊन आली. दोन देश असे, की एकाचं दुसऱ्याशी काही म्हणता काही जुळायचं नाही. आणि दोन्हीकडे तुम्ही माझ्या मानगुटीवर बसलेले होतात. तेच लिहायचं आहे.

आपल्या घराला रीतीचा भारी अभिमान. आजोबा राजवाड्यावर पाहुण्यांच्या सरबराईला होते, त्यामुळे कसं बसावं, कसं घ्यावं, कसं नको म्हणावं हे बडोद्यात आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी तुमची समजूत होती. संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं, तेही गेलं, गुजरात झालं, कचेरीतले कागद गुजरातीत आले आणि तुम्ही हेडक्लार्क म्हणून मुकाट गुजरातीत टिपणं लिहू लागलात. रीत मात्र तसूभर हलली नाही. दुसऱ्याच्या घरी काही पुढे केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला, आत्ताच झालंय'. तिसऱ्यांदा यजमान हात धरून आग्रह करतो, तेव्हा 'बरं, अगदी थोडं'. यजमानानं तिसऱ्यांदा विचारायचं असतं. नाही विचारलं तर तो हलका, आणि पाहुणा पहिल्यांदाच हो म्हणाला तर तो हावरट. सगळं जग याच नियमावर चालतं असं तुम्हाला वाटायचं. तुम्ही स्वतः नाशिकच्या पलीकडे एकदाच गेलात, काशीला, आणि तिथल्या पाण्याला नावं ठेवत परत आलात.

मी आठ वर्षांची असेन. फतेगंजला तुमच्या साहेबांकडे मला सायकलच्या दांड्यावर बसवून घेऊन गेला होतात. साहेबांच्या पत्नीनं मोहनथाळाची ताटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "ले दीकरी, ले." मी घेतला. दोन तुकडे घेतले, दोन हातांनी. तुमचे डोळे त्यांनी पाहिले असावेत, कारण त्या हसून म्हणाल्या, "तमे पण शुं, छोकरी छे." घरी पोचल्यावर आईला म्हणालात, "हिनं आज नाक कापलं माझं." मग मला समोर उभं केलंत, स्वयंपाकघरातून एक रिकामी बशी आणलीत आणि तुम्ही यजमान झालात. "घे बाळ." नको. "अगं घे ना." नको, आत्ताच जेवले. "घ्यायलाच हवं, त्याशिवाय सोडणार नाही." बरं, थोडं. माझा सूर बरोबर लागला की तुम्ही मान किंचित हलवायचात. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही. त्या रिकाम्या बशीतून मी त्या संध्याकाळी दहा वेळा थोडं थोडं घेतलं, आणि त्यानंतर आयुष्यात कधी कुणाला पहिल्यांदा हो म्हणाले नाही.

आता तो रविवार. तुम्हाला तो माझ्याइतकाच आठवत असणार, पण लिहिते, कारण इतकी वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत आले आणि तुम्हाला मात्र कधी सांगितली नाही. मी चोवीस वर्षांची होते, विद्यापीठात जुन्या कापडांची डागडुजी शिकत होते. विरलेल्या शालूखाली जाळीचं रेशीम लावून, केसाहून बारीक धाग्यानं टाके घालायचे, ते टाके दिसता कामा नयेत. हॉलंडहून एक प्राध्यापिका हिवाळ्यापुरती आली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, बडोद्याच्या रस्त्यांवरून सायकल चालवायची आणि रिक्षावाल्यांना इंग्रजीत झापायची. तिला माझे हात आवडले होते. तिच्या कार्यशाळेत दोन वर्षांसाठी एक मदतनीस घेता येणार होती, शिक्षण आणि काम दोन्ही. इथं घरच्यांना विचारावं लागतं असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून ती दुपारी चारला रावपुऱ्यातल्या आपल्या घरी आली. तुम्ही कोट घातला होता. आईनं शिरा केला होता, कोपऱ्यावरून बटाट्याचा ओलसर लीला चेवडा आणवला होता. चहा झाला, तिनं विषय काढला, आणि मग तुमच्याकडे वळून सरळ विचारलं, हिला मी घेऊन जाऊ का? तुम्ही हात जोडलेत. तोंड भरून हसलात. तुमच्या त्या पुस्तकी इंग्रजीत म्हणालात, नको नको, आपल्याला कशाला एवढा त्रास. ती क्षणभर तुमच्याकडे बघत राहिली. मग 'समजलं' म्हणाली, चेवड्याचं कौतुक केलं आणि साडेपाचला जिना उतरून गेली.

दार लागल्यावर आई तुमच्यावर पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "अहो, नको काय म्हणालात?" तुम्ही कोटाची बटणं काढत होतात. "मग काय, पहिल्या शब्दाला होय म्हणू? मुलगी काय वाटेवर पडली आहे आपली? येईल उद्यापरवा पुन्हा. एमज असतं, हीच रीत." आणि तुम्ही खरंच वाट पाहिलीत. सोमवारी कचेरीतून आलात, तोंड धुतलंत आणि पुन्हा कोट चढवून बाहेरच्या खुर्चीत बसलात. मंगळवारीही. बुधवारीही. आई रोज चहाचं आधण ठेवायची आणि दिवेलागणीला उतरवायची. गुरुवारी मला विद्यापीठात कळलं की तिनं दुसऱ्या गावच्या एका मुलीला घेतलं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे? पुन्हा विचारलंच नाही?" तुमचा चेहरा असा झाला होता, की जणू तिनं आपल्या घरातून काही चोरून नेलं. मी म्हणाले, फतेगंजच्या पाहुणेघरात उतरली आहे, रिक्षानं दहा मिनिटं लागतात, आत्ता जा. "आपण होऊन जायचं?" तुम्ही म्हणालात. "आणि काय सांगायचं, आम्ही नको म्हणालो ते खरं धरू नका?" हो, तेच सांगायचं, मी म्हणाले. तुम्ही उठून हातपाय धुवायला गेलात.

त्यानंतर तुम्ही एकोणीस वर्षं जगलात, आणि त्या एकोणीस वर्षांत मी तुम्हाला काय दिलं ते तुम्हाला माहीत आहे. मी त्याच शहरात राहिले, संग्रहालयात नोकरी धरली, लग्न झालं नाही, आई लवकर गेली, मग तुम्हाला वाढायचं काम माझ्याकडे आलं. मी वाढताना एकदाच विचारायची. "भात?" तुम्ही सवयीनं म्हणायचात, "नको." मी पातेलं उचलून आत न्यायची. पहिल्या दिवशी तुम्ही ताटावर हात तसाच ठेवून बसलात, पुढचं वाक्य माझ्याकडून यायची वाट बघत. मी ओट्याशी भांडी आवरत होते. मला ते ऐकू येत होतं, तुमचं ते बसून राहणं. भाजी एकदा, पोळी एकदा, ताक एकदा. सणासुदीलाही एकदाच. सहाआठ महिने तुम्ही अर्धपोटी उठत होतात, आणि मग हळूहळू शिकलात. शेवटच्या दुखण्यात मी विचारलं, "पाणी हवं?" तर तुम्ही घाईघाईनं हो म्हणालात, प्रश्न पुरा व्हायच्या आत. तेव्हा मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. शेवटी कळलं म्हणायचं, असं मनात आलं होतं.

इथिओपियाचं बोलावणं मी निवृत्त झाल्यावर आलं. तिथल्या चर्चमध्ये जुने मखमली पडदे आहेत, देवाच्या मिरवणुकीतल्या जरीकाम केलेल्या मोठाल्या छत्र्या आहेत, त्यांची डागडुजी आठदहा जणांना शिकवायची होती. अदिस अबाबा उंचावर आहे, चार पावलं चढलं की धाप लागते, आणि धाप लागली की कुणीतरी अनोळखी माणूस कोपराला धरतो. पत्ता विचारावा तर माणूस स्वतःचं काम टाकून अर्धा तास बरोबर चालतो आणि मग तिसऱ्यालाच विचारतो, कारण त्याला स्वतःला तो माहीत नसतो. आपल्याकडे 'बस, सामेज छे', हे काय समोरच, म्हणून दोन मैल पाठवतात, तोच प्रकार. व्हॅनवाले गावांची नावं ओरडत असतात, आत जागा नसली तरी तुमच्यासाठी निघते. दुसऱ्याच दिवशी तीन जणांनी विचारलं, मुलं किती? नाहीत म्हटल्यावर तिघांनी माझ्यासाठी प्रार्थना करायचं कबूल केलं. एक मिनिट एकटं बसू देत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी इतकी वैतागले होते, की रोज डोकं दुखतं म्हणून खोलीत जाऊन पडायची, आणि डोकं दुखतं म्हटल्यावर आणखी चार जणी बघायला यायच्या.

कार्यशाळेत कोठीवर एक बाई होती, माझ्याच वयाची. तिनं दुसऱ्या रविवारी मला घरी नेलं. जमिनीवर ताजं गवत पसरलेलं, कोपऱ्यात ऊद जळत होता. तिनं माझ्यासमोर कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर भाजले, तो धूर सगळ्यांच्या नाकापुढून फिरवला, मातीच्या सुरईत कॉफी केली. एवढ्याशा कपात तीन वेळा देतात. पहिल्या कपानंतर उठलं तर अपमान, तिसरा घेतल्याशिवाय घरातून निघायचं नाही. अण्णा, तीन वेळा. मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. जेवण एकाच मोठ्या थाळ्यात, खाली आपल्या आंबोळीसारखं आंबट धिरडं, परातीएवढं, त्यावर डाळी आणि भाज्या, सगळ्यांचे हात त्यातच. मध्येच त्या बाईनं एक घास गुंडाळला आणि थेट माझ्या तोंडाशी आणला. मी नको म्हणाले. ती हसली, हात तिथंच. मी म्हणाले, पोट भरलं. हात तिथंच. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि सगळं घर खूश झालं. तिचा भाऊ इंग्रजी बोलणारा होता, तो म्हणाला, "आमच्या शाळेत एक भारतीय मास्तर होते, तेही असंच करायचे. सुरुवातीला आमच्या आईला वाटलं, यांना आमचं अन्न चालत नाही. मग तिच्या लक्षात आलं की त्यांना पुन्हा विचारायचं असतं. पुढे सगळं गाव त्यांना तीनदा विचारायला लागलं."

त्या घरात मला जितकं सुखानं जेवण गेलं तितकं कित्येक वर्षांत गेलं नव्हतं, आणि जेवताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. हा तुमचा देश होता. इथं तुम्हाला पाठवायला हवं होतं, तुम्ही कोट घालून त्या गवतावर बसला असतात आणि कुणी तुम्हाला अर्धपोटी उठू दिलं नसतं. एका परक्या मास्तरासाठी डोंगरातलं एक आख्खं गाव जे शिकलं, ते तुम्हाला एका बाईला समजावून सांगता आलं नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर होती ती. रीत म्हणजे तुम्हाला काय वाटलं होतं, सूर्य उगवतो तशी आपोआप सगळीकडे उगवते? समोरच्याला ती माहीत नसेल तर सांगावी लागते, तोंड उघडून, थोडा कमीपणा घेऊन. तुमचा तो कमीपणा वाचला आणि माझी दोन वर्षं गेली. दोन वर्षं म्हणजे दोनच नाहीत, त्याच्या पुढचीही सगळी गेली, हे तुम्हाला कळत होतं.

आणि हॉलंड. तिथं मी कुणाच्या बोलावण्यानं गेले नाही. जिथं जायचं राहिलं होतं ती जागा बघायची होती, म्हणून महिनाभर एका बाईच्या घरी वरची खोली घेऊन राहिले. जिना इतका उभा की उतरताना मी उलटी उतरायची. पहिल्या संध्याकाळी सहा वाजता घरमालकीण दारात येऊन म्हणाली, आमच्याबरोबर जेवणार का? माझ्या तोंडून निघालं, नको नको, थँक यू. "बरं," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. खालून सूपचा वास येत होता. मी बॅगेतली भाकरवडी काढून पलंगावर बसून खाल्ली, आणि तुमच्या आठवणीनं दात ओठ खाल्ले. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी नको म्हणाले म्हणजे मला नको होतं, एवढंच. पुन्हा विचारणं म्हणजे माझ्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं तिनं मला नंतर समजावलं, अगदी प्रेमानं. तिच्याकडे कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा उघडतात, तुम्ही एक घेता आणि डबा बंद होतो. झाकणाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पण खरं सांगू का, तो देश मला आवडला. हे वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. रस्ता विचारला तर विचारला तेवढाच सांगतात, आणि तो बरोबर असतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतात. गाडी चार वाजून सात मिनिटांची म्हणजे चार वाजून सात मिनिटांची. खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, संध्याकाळी रस्त्यानं चालताना माणसं आपापल्या घरात वाचत बसलेली दिसतात, आणि कुणी मान वर करून बघत नाही. संडासात एक कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यावर साऱ्या गोतावळ्याचे वाढदिवस, म्हणजे कुणाचा विसरायला नको. मुलं किती, नवरा कुठं, हे महिनाभरात एकानंही विचारलं नाही. पहिले आठ दिवस मला त्याचं केवढं सुख वाटलं. नवव्या दिवशी पावसात घसरून मी फुटपाथवर बसले, एकानं थांबून विचारलं, मदत हवी का? मी सवयीनं नको म्हणाले आणि तो सायकल वळवून निघून गेला. गुडघा सुजला होता. अदिसमध्ये मला उचलून नेलं असतं, मी नको म्हणत असताना. तिथं माझ्या शब्दाला किंमत नव्हती आणि इथं होती, आणि ओल्या फुटपाथवर बसून मला ठरवता येईना की यातलं बरं काय. तेव्हापासून मात्र मी पहिल्याच खेपेला हो म्हणायला लागले. पासष्टाव्या वर्षी, अण्णा. परदेशात, गुडघा फुटल्यावर.

ती प्राध्यापिका अजून आहे. नव्वदीला आली आहे, एकटी राहते. मी पत्र पाठवलं, तिनं तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली, तीन ते साडेचार. मी गेले. तिनं मला ओळखलं, म्हणजे माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, टाके अजून चालू आहेत ना? कॉफी झाली, डबा उघडला, मी लगेच एक बिस्किट घेतलं. आणि मग मी तिला ती गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं सांगून घासून पुसून लख्ख केलेली गोष्ट. आमच्याकडे तीनदा विचारायचं असतं, वडिलांनी पहिल्यांदा नको म्हटलं ती नुसती रीत होती, त्यांना हो म्हणायचं होतं, तीन दिवस ते तुमची वाट बघत बसले होते. ही गोष्ट ऐकून लोक चुकचुकतात, तुम्हाला नावं ठेवतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात. तिनंही तसं करावं म्हणून मी आठ तासांचं विमान आणि तीन आठवड्यांचं सूप सोसलं होतं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण मी आधी तुला विचारलं होतं."

ती म्हणाली, "तू खिडकीशी छोट्या स्टुलावर बसली होतीस. मी विचारलं, तुला यायचं आहे का? तू म्हणालीस, नको, थँक यू. छान हसलीस. मला वाटलं, वडिलांसमोर लाजत असेल, म्हणून मग त्यांना विचारलं. नको म्हटलेल्या माणसाला ओलांडून दुसऱ्याला विचारायचं, असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. परत जाताना मला स्वतःची फार लाज वाटत होती." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला यायचं नव्हतं का?" मी म्हणाले, तसं काही झाल्याचं मला आठवत नाही. तिनं मान हलवली. मग तिनं बंद केलेला डबा पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे धरला. मी दुसरं बिस्किट घेतलं, साडेचार वाजले आणि मी निघाले.

मला सगळं आठवतं, अण्णा. तिथं तिच्याशी खोटं बोलले, इथं सगळ्यांशी बोलत आले, आईशीही. आई तेव्हा शिऱ्याच्या बशा भरायला आत गेली होती, तिनं ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीत होतात, माझ्यापासून दोन हातांवर. माझं 'नको' अगदी बरोबर सुरात लागलं होतं, आणि तुम्ही मान किंचित हलवलीत, रिकाम्या बशीच्या वेळी हलवायचात तशी. मला त्याचा आनंद झाला होता. त्या आनंदातच होते मी, ती तुमच्याकडे वळली तेव्हा. आणि पुढच्या एकोणीस वर्षांत, मी भाताचं पातेलं उचलून नेत असताना, नातेवाइकांसमोर तुमच्या तोंडावर तीच ती गोष्ट सांगत असताना, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की अगं, आधी तूच नको म्हणालीस. एक वाक्य होतं. माझं तोंड बंद झालं असतं. का नाही म्हणालात? मला तुमच्या उपकाराखाली ठेवायचं होतं, की तेही तुम्हाला रीतीत बसत नाही असं वाटलं? मी तीन आठवडे यावर विचार करते आहे आणि मला राग येतो आहे, पहिल्यापेक्षा जास्त. तुम्ही मला बोलायला हवं होतं.

हे पत्र कुठं जाणार नाही. घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकीन, तिथं अदिसच्या त्या बाईनं दिलेली कॉफीच्या दाण्यांची पुरचुंडी अजून आहे. तुम्ही असतात तरी दिलं नसतं. राग गेला असं लिहायला मी बसले नव्हते आणि तो गेलेला नाही. तुम्ही त्या बाईकडे गेला नाहीत, हे माझ्या दृष्टीनं अजून तसंच आहे. फक्त एक राहिलं. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी तुम्ही कोट घालून बाहेर बसला होतात, हे मी चाळीस वर्षं सगळ्यांना हसून सांगितलं. त्या तिन्ही संध्याकाळी मीही आतल्या खोलीत चांगली साडी नेसून बसले होते.